पागोळ्यांपासून चार हात लांब

आज नोव्हेंबरचा दुसरा रविवार. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मोजली: स्ट्रॉबेरीची एकवीस रोपं. गेल्या वर्षी याच सुमारास एकही नव्हतं, म्हणून आधी आकडाच सांगून टाकला.

गेल्या वर्षीची फजिती थोडक्यात. रनर, म्हणजे नवी रोपं धरणारे लांब दोरे, भरपूर फुटले होते, ते वाफ्यातच मोकळे सोडले. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पावसाने आषाढ संपायच्या आत सगळ्यांचा चोथा केला. यंदा चारच मातृरोपं ठेवली, दोन विंटर डॉन जातीची आणि दोन बिननावाची. चारही कुंड्या मागच्या पडवीत, पत्र्याखाली.

एप्रिलअखेर फळं संपली. उशिराने आलेल्या कळ्या खुडल्या, म्हणजे झाडाची ताकद फळात जाणार नाही. मे उजाडला तसे लालसर दोरे कुंडीबाहेर लोंबू लागले. थंडी आणि लहान दिवस मिळाले की स्ट्रॉबेरी कळ्या धरते. उष्मा आणि मोठा दिवस मिळाला की रनर सोडते. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस जेमतेम 13 तासांचा, डिसेंबरमधला लहानात लहान 11 तासांहून थोडा जास्त. फरक दोन तासांचाही नाही. तेव्हा इथे खरा कारभार उष्म्याच्या हातात, आणि मे महिन्यात गोव्यात उष्म्याला काय तोटा!

आईने दोरा बघितला आणि म्हणाली, "हे तर झाड आपलं आपणच दाब कलम करतंय." मोगऱ्याची फांदी वाकवून, वर दगड ठेवून ती वर्षानुवर्षं रोपं करते, तिला यात नवल वाटलं नाही. नंतरचं दाबायचं काम तिनेच हाती घेतलं, कारण मी पहिले पाच डबे फुकट घालवले. रनरवरचा पहिला पेर, म्हणजे गाठ, डब्यातल्या मातीत दाबून दहा दिवस बसलो. काही नाही. पहिल्या पेराला बहुधा रोप येतच नाही. येतं ते दुसऱ्या पेराला, आणि पुढे एकाआड एक. तिथे पानांचा छोटा झुबका असतो आणि त्याच्या पोटाशी मुळांचे बारीक टिंबांसारखे फुगवटे दिसतात. ते दिसले की दाबायचं, नुसत्या दोऱ्याला दाबून उपयोग नाही.

दाबायला केसांचे आकडे वापरतात. आम्ही माडाचे हीर वापरले. वाळलेला हीर वाकवताना मोडतो, ओल्या झावळीचा घ्यावा. झुबका मातीत पुरायचा नाही, फक्त टेकवायचा; पानं जिथून फुटतात तो गाभा उघडाच राहिला पाहिजे, नाहीतर कुजतो. डबे दह्याचे, तळाला भोकं पाडलेले. भरणीला दोन वाटे कोकोपीट, एक वाटा गांडूळखत, एक वाटा नदीची वाळू. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. ते ज्यापासून होतं ती नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असली तर त्यात मीठ उरतं, आणि स्ट्रॉबेरीला मीठ अजिबात सोसत नाही.

एकूण 34 डबे लागले. चार आठवड्यांनी रोप हलकेच वर ओढून पाहायचं. ते अडलं, म्हणजे मुळांनी धरलं. असे 27 निघाले, त्यांची नाळ कापली. कापताना दोऱ्याचं मातृरोपाकडचं बोटभर शेपूट पिल्लालाच ठेवलं आणि त्याला रंगीत लोकर बांधली: चार आया, चार रंग. तेव्हा घरात सगळे हसले होते. जुलैत त्याच लोकरीने वाचवलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पिवळ्या लोकरीची तीन पिल्लं भर पावसाळ्यात, ओल्या डब्यात, उन्हाने सुकल्यासारखी माना टाकून बसली. एक उपटून गाभा उभा चिरला, तर आत विटकरी रंगाचे डाग. पिवळीची आई तपासली, तिच्यातही तेच. म्हणजे पिल्लांना रोग बाहेरून आला नव्हता, दोऱ्यावरून वारसाहक्काने आला होता. ते मातृरोप आणि ती तीन पिल्लं जाळली, खतात टाकली नाहीत. कात्री स्पिरिटने पुसली. उरलेली तीन पिवळी दिसायला ठणठणीत, पण त्यांना न्हाणीपलीकडे वेगळं ठेवलं.

त्या दिवशी एक चूक लक्षात आली. पिवळीची कुंडी पत्र्याच्या अगदी कडेला होती. पागोळ्या खालच्या फरशीवर आपटून तिच्यावर शिंतोडे उडत होते, आणि हा रोग अशाच उडत्या पाण्यातून पसरतो. डोक्यावर पत्रा आहे म्हणून मी निर्धास्त होतो, पाणी खालून वर येतं हे ध्यानातच आलं नाही. सगळे डबे चार हात आत ओढून फळीवर चढवले. त्यानंतर एकही रोप कुजलं नाही. माझ्या मते गोव्यात रनर रुजवणं हा कामाचा चौथा हिस्सा. उरलेला तीन चतुर्थांश म्हणजे श्रावणापर्यंत त्यांना कोरडं ठेवणं.

बाकी नुकसान किरकोळ. दोन रोपं गोगलगायींनी एका रात्रीत फस्त केली. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-फुलांची आरास, बघायला आलेल्या शेजारच्या काकूंनी एक मागून नेलं. पांढऱ्या लोकरीचं दिलं, पिवळ्याचं देण्याचा धीर झाला नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस ओसरल्यावर सगळी मोठ्या कुंड्यांत हलवली. महाबळेश्वरला लागवड याच्या आधीच उरकलेली असते, पण त्यांची उंची 1300 मीटरच्या वर. आपल्याकडे नेत्रावळीच्या वर वेर्ले गावी स्ट्रॉबेरी होते, तोही डोंगरमाथाच. आमच्या सखल परसात रात्री गार व्हायला डिसेंबर उजाडतो, त्यामुळे घाई करून फायदा नाही.

तरी काल एका रोपाने घाई केलीच. कळी आली, तीसुद्धा न्हाणीपलीकडच्या पिवळ्या लोकरीला. मी खुडायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे, एक तरी फळ खाऊ दे तिचं."

राहू दिली आहे. कुंडी मात्र अजून तिथेच, न्हाणीपलीकडे.