अ‍ॅब्लेशन केल्यावर ठोके कायमचे ताळ्यावर येतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून. अ‍ॅब्लेशन म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ठोके बिघडवणारी जागा जाळणं किंवा गोठवणं. प्रश्न नेहमीचाच: ‘अ‍ॅब्लेशनने किती टक्के फरक पडेल?’ त्यावर आधी उलट विचारावं लागतं, कोणत्या ठोक्यांसाठी? शेजारच्या काकू ‘एकदाच केलं आणि सुटले’ म्हणतात ते बहुधा एसव्हीटीचं, म्हणजे अचानक सुरू होणाऱ्या जलद ठोक्यांचं असतं. तिथे विजेची एक जादा वाट बंद करायची असते आणि यश ९५ टक्क्यांच्या घरात असतं. एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे एएफचं, तसं नाही; त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. इथून पुढचं सगळं एएफबद्दलच.

१९९८ साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांत एएफ सुरू करणाऱ्या ६९ जागा शोधल्या. त्यातल्या ९४ टक्के फुप्फुसांकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये निघाल्या. तेव्हापासून उपचाराचा गाभा तोच: या शिरांच्या तोंडाभोवती रिंगण घालून वीज अडवायची. ठिणगी शिरेतून पडत असेल तर रिंगण पुरतं. कप्प्याची भिंतच जून आणि व्रणांची झाली असेल, तर पुरत नाही. अंदाज बांधायचा तो या भिंतीचा.

सर्वात स्वस्त खूण म्हणजे एएफचा झटका किती दिवस टिकतो. सात दिवसांच्या आत थांबणारा असेल, तर एका अ‍ॅब्लेशननंतर वर्षभर साधारण ७० ते ८० टक्के लोक सुटतात. त्यापुढे रेंगाळणारा असेल तर ५०-६०. वर्षभर सलग चालू असेल तर आणखी कमी. निदान आणि अ‍ॅब्लेशन यांमधला काळही धरतात. ‘आधी गोळ्यांवर बघू’ म्हणत गेलेली तीन-चार वर्षं फुकट जात नाहीत, भिंतीत मुरतात.

दुसरी खूण कप्प्याचा आकार, आणि इथे रिपोर्ट वाचताना हमखास फसगत होते. इकोवर ‘एलए ४१ मिमी’ लिहिलेलं असतं; एलए म्हणजे हाच डावा वरचा कप्पा. ती पुढून मागे मारलेली एकच रेघ. पुढे छातीचं हाड, मागे मणका, त्यामुळे कप्पा त्या दिशेने फारसा फुगू शकत नाही. तो वर-खाली आणि आडवा फुगतो. म्हणजे ४१ मिमीच्या आड चांगलाच मोठा कप्पा दडलेला असू शकतो. म्हणून एलए व्हॉल्यूम इंडेक्स, म्हणजे शरीराच्या मानाने कप्प्याचं आकारमान, लिहून मागा. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलीपर्यंत ठीक.

व्रण एमआरआयवर मोजता येतात. २०१४ च्या ‘डेकाफ’ अभ्यासात भिंतीत सर्वात कमी व्रण असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना एएफ परत झालं, सर्वात जास्त असलेल्यांत ५१ टक्क्यांना. मग व्रणच जाळावेत? २०२२ च्या पुढच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. त्याआधी ‘स्टार एएफ २’ मध्येही, रेंगाळणाऱ्या एएफचे ५८९ रुग्ण घेऊन, नुसत्या शिरा वेगळ्या केल्यावर ५९ टक्के सुटले. वर भिंतीत जाळून जास्तीच्या रेघा मारल्या तर ४६. जास्त जाळलं की जास्त बरं, हा हिशेब इथे चालत नाही.

एएफ परत होण्याचा अंदाज देणारे स्कोअरही आहेत. लाइपझिगचा ‘अ‍ॅपल’ सोपा: वय ६५ च्या वर, रेंगाळणारं एएफ, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ६० च्या खाली, कप्पा ४३ मिमी किंवा जास्त, पंपिंग ५० टक्क्यांखाली, प्रत्येकी एक गुण. गटाबद्दल तो बरं सांगतो, एका माणसाबद्दल नाणेफेकीहून थोडंच अधिक. आणि लहानपणीच्या र्‍हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकसलेली असेल, जे आपल्याकडे अजून दिसतं, तर हे आकडे लावूच नयेत.

वय हातात नाही, वजन आहे. अ‍ॅडलेडच्या २०१५ च्या अभ्यासात स्थूल रुग्णांपैकी ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. ९० किलोच्या माणसाला म्हणजे ९ किलो. घरचे घोरण्याची तक्रार करत असतील तर झोपेची तपासणी करा. थायरॉइड आणि रक्तदाब आधीच बघून घ्या.

‘यश’ कशाला म्हणतात तेही विचारून ठेवा. अभ्यासांत ३० सेकंदांचं एएफ नोंदलं गेलं तरी अपयश धरतात, मग तुम्हाला काही जाणवलेलं नसलं तरी. सुरुवातीचे दोन-तीन महिने मोजत नाहीत, कारण तेव्हा सुजेमुळेही ठोके चुकतात. पण त्या मुदतीच्या शेवटी-शेवटी येणारे झटके वाईट खूण.

परत होण्याचं नेहमीचं कारण रिंगणातली फट. नुसती सुजलेली पेशी त्या दिवशी गप्प बसते आणि महिन्याभराने पुन्हा वीज नेऊ लागते. म्हणूनच प्रक्रियेच्या शेवटी वीस-तीस मिनिटं थांबून शिरा पुन्हा तपासायची पद्धत आहे. दुसऱ्या वेळी फट सापडली तर ती बुजवता येते. चारही शिरा घट्ट बंद सापडल्या आणि तरी एएफ चालूच, तर डॉक्टरांचा चेहरा जरा उतरतो. दोष भिंतीत आहे.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र ठोके सुधारले म्हणून स्वतःहून बंद करू नका. पहिले दोन-तीन महिने ती सगळ्यांनाच लागते, पुढचं चॅड्स-व्हॅस्क गुणांवर, म्हणजे पक्षाघाताच्या धोक्याच्या गुणांवर ठरतं. ईसीजीची पट्टी स्वच्छ आली म्हणून ते गुण कमी होत नाहीत.