ढग जागेवर आणणारी फर्म : आमची वाटचाल

उपग्रहाच्या चित्रांवरून पावसाचे नकाशे काढायचं काम आम्ही आर्वीत सुरू केलं तेव्हा २०१३ साली सुटलेला हवामान उपग्रह इन्सॅट-३डी अजून नवा होता. 'उपग्रहाचं चित्र आहे' म्हटलं की समोरचा वाद घालत नसे. वाद घातला तो आमच्या पहिल्या ग्राहकाने, वरूडकडच्या संत्रा बागायतदार काकांनी. "भाऊ, पाणी माह्या वावरात पडलं अन् तुमचा नकाशा त्याले वरच्या गावात दाखवते. मृगाचा ताण तुटला का नाही, मी कोणाले विचारू?" (मृग बहारासाठी झाडांचं पाणी तोडतात, तो ताण; पावसाने तो तुटतो.)

फर्म उभी आहे ती त्या प्रश्नावर. उपग्रह विषुववृत्तावर, ३६ हजार किलोमीटर उंच. आपण २१ अंश उत्तरेला, म्हणून त्याला ढग तिरका दिसतो. पंधरा किलोमीटर चढलेल्या गडगडाटी ढगाचा माथा चित्रात सहा-सात किलोमीटर उत्तरेला सरकतो. त्यात ३डी ८२ अंश रेखांशावर होता आणि त्याचा जोडीदार उपग्रह ३डीआर ७४ वर, म्हणजे एकच ढग पहिल्याच्या चित्रात थोडा पश्चिमेला आणि दुसऱ्याच्या चित्रात थोडा पूर्वेला. माथ्याच्या तापमानावरून उंची काढायची, नागपूरहून सुटणाऱ्या हवामानाच्या फुग्याच्या नोंदीशी ती ताडायची आणि ढग जागेवर आणायचा, हे आमचं काम.

मग एका मोठ्या शहरातली कंपनी 'एक किलोमीटर अचूकता' घेऊन आली. नकाशे देखणे, कडा मऊ. ढगाची उष्णता टिपणाऱ्या अवरक्त चित्राचा एक पिक्सेल, म्हणजे ठिपका, चार किलोमीटरचा; त्याचे सोळा तुकडे करून मध्ये रंग भरला तर माहिती वाढत नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही कळतं. तरी शेतकरी कंपन्या एकेक करून तिकडे गेल्या. एका जिनिंगवाल्याने झालेल्या कामाचं बिल अडवलं. बायकोचं सोनं गहाण पडलं. आणि ज्या पोराला मी हाताला धरून शिकवलं, त्यालाच त्यांनी जास्त पगार देऊन नेलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

त्या हंगामात काकांनी पुढची वर्गणी आगाऊ दिली, वर ओळखीच्या बागांत आमचे पर्जन्यमापक बसवून दिले. पावसाळ्यानंतर आमचा आणि त्या कंपनीचा, दोन्ही नकाशे मापकांच्या आकड्यांपुढे ठेवले. कंपनीचा पाऊस उत्तरेला सरकलेला. ढगाचा थंडगार माथा पसरला होता तिथे थेंब नसताना जोरदार पावसाचा गडद निळा रंग. गेलेले बरेच ग्राहक परतले. पुढची वर्षं सुरळीत गेली.

मापकाबद्दल मात्र सांगतोच. आमचा २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा, आतली छोटी बादली दर अर्ध्या मिलिमीटर पावसाला पलटणारा. मे महिन्यात सिरिंजने त्यात हळूहळू पाणी सोडायचं. दहाव्या मिलिलिटरला 'टक' झालं पाहिजे. आधीच झालं तर खालचा स्क्रू फिरवायचा. नरसाळ्यातलं कोळ्याचं जाळं काढायचं. झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब बसवायचं, आणि रोजची नोंद सकाळी साडेआठलाच. मुसळधार पावसात हा मापक कमी दाखवतो, म्हणून शेजारी साधा मापकही हवाच.

कास्तकार भावांनो, कोणी गावनिहाय पावसाचा नकाशा विकायला आला तर विचारा: चित्र कोणत्या उपग्रहाचं, तिरकेपणा काढला का, आणि आमच्या महसूल मंडळातल्या कोणत्या मापकाशी ताडून पाहिलं? मापकाचं ठिकाण सांगता येत नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका.