भिंतीपासून भिंतीपर्यंत

खाजगी सर्वेअर म्हणून मला बावीस वर्षं झाली. मोजायला फारसा वेळ लागत नाही. कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा, हे ठरवण्यातच दिवस जातो. हे गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण त्याला मी नुसता उभा दिसतो.

हे काम नवी मुंबईतल्या एका सेक्टरच्या नागरिक समितीचं. नोड, म्हणजे नवी मुंबईचा नेमका कुठला भाग, ते सांगत नाही, तिथे मला पुन्हा कामं घ्यायची आहेत. रो-हाउसच्या समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये रस्ता. एका रो-हाउसमध्ये पॅथॉलॉजी लॅब आली, गच्चीवर भलाथोरला बोर्ड चढला आणि सकाळी सहापासून उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांच्या गाड्या लोकांच्या फाटकांसमोर लागायला लागल्या. रात्रभर बोर्डाचा निळा उजेड समोरच्या बेडरूममध्ये. चिडले तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

लॅबवाल्याचं म्हणणं, रस्ता पंधरा मीटरचा आहे, इथे असा वापर चालतो. समितीतल्या कुणीतरी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात ती, वाचून काढली होती. दाट वस्तीबाहेर बारा मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचे निवासी प्लॉट आर-वनमध्ये पडतात, बारा आणि त्यापुढचे आर-टूमध्ये. आर-वनमध्ये दुकानदारीला फार कमी वाव. मग यांनी रविवारी टेप लावली आणि रस्ता भरला ११.८०. आनंदीआनंद. आता लॅबविरुद्धच्या तक्रारीला जोडायला हाच आकडा त्यांना सहीशिक्क्यानिशी नकाशावर हवा होता.

मी सकाळी साडेसहाला टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं मोजणीचं यंत्र, लावलं. ते समतल करताना त्यातला बबल मध्यावर येईपर्यंत कुणी बोलू नये, एवढीच माझी अपेक्षा असते. तिथे सात जण बोलत होते. समितीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले काका, चहाचा कप हातात देऊन म्हणाले, "अहो सर्वेअर, कशाला एवढा तामझाम? आम्ही मोजलंय. तुम्ही फक्त काढून द्या."

भिंत ते भिंत ११.८० हे बरोबरच होतं. माझं ११.७९ आलं. पण रस्ता म्हणजे कंपाउंडच्या दोन भिंतींमधली मोकळी जागा नव्हे. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या परिशिष्टात चतुःसीमा दिलेल्या असतात: उत्तरेला अमुक प्लॉट, दक्षिणेला इतक्या मीटर रुंदीचा रस्ता. मी काकांचाच करारनामा मागितला. त्यांनी कौतुकाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिला. दक्षिणेला १५ मीटर रुंदीचा रस्ता.

मग तीन मीटर गेले कुठे?

या कामात मला थोडा अभिमान आहे, म्हणून सविस्तर सांगतो. कंपाउंडच्या भिंतीवर मी कधीच विसंबत नाही; ती माणसाच्या इच्छेप्रमाणे चालते. घराची मूळ भिंत मात्र जागची हलत नाही, आणि इथली घरं एका साच्यातली. दोन्ही रांगांत एकेक घर असं सापडलं की ज्याला मालकाने बाल्कनी बंद करण्यापलीकडे हात लावला नव्हता. मंजूर नकाशात घराच्या दर्शनी भिंतीपासून हद्दीपर्यंत तीन मीटर मोकळे. म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तीन, पंधरा, तीन, एकूण एकवीस हवेत. माझं २०.९८ आलं. तीस-पस्तीस वर्षांच्या गिलाव्यावर गिलावा चढल्यानंतर दोन सेंटिमीटरचा फरक! मदतनीस पोराला मी ते दोनदा वाचून दाखवलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग हद्दीची रेघ ओढली आणि सगळं उघडं पडलं. लॅबच्या रांगेतल्या कंपाउंडच्या भिंती साधारण १.३० मीटर पुढे आलेल्या. समितीच्या रांगेत १.९० पर्यंत. सगळ्यात पुढे अध्यक्षकाकांची: आत तुळस, एक कलमी आंबा आणि टाइल लावलेला झोपाळ्याचा कट्टा, सगळं रस्त्यात. आणि लॅबवाला? त्याने गाड्या लावायला कंपाउंड पाडलंच होतं. त्या ओळीत हद्दीच्या आत असलेला तेवढा एकच.

मी ते जागेवर बोललो नाही. दोन दिवसांनी नकाशा घेऊन गेलो, पुढे आलेल्या भिंती लाल रंगात. खोलीत पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मी समजावून सांगितलं की रुंदीचा मुद्दा टिकणार नाही, रुंदी आराखड्यावरची धरतात. तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे. भाडेपट्टा निवासी वापरासाठी दिलाय, वापर बदलायला परवानगी लागते, ती घेतली आहे का ते विचारा. एका काकूंना ते पटलं, त्यांनी लिहूनही घेतलं. बाकीच्यांचे डोळे लाल रेघेवर.

"हे सगळं द्यायची गरज नाही," काका म्हणाले. "आमची तक्रार त्या लॅबची आहे. आमच्या बागेची नाही." आवाज चढला नव्हता, बँकेत कर्ज नाकारताना असतो तसा होता.

मी म्हटलं, दोन पत्रकं करतो. पहिल्यात सगळं. दुसऱ्यात फक्त लॅबलगतचा रस्त्याचा छेद आणि बोर्ड. कुठलं जोडायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या पत्रकावर मी 'रस्त्याची रुंदी' असं लिहिलं नाही, 'भिंत ते भिंत ११.८० मी.' असं लिहिलं. त्या पत्रकात एकही आकडा खोटा नाही. मी सही केली, पैसे घेतले. जोडलं अर्थातच दुसरं.

खरी गोष्ट बोर्डाची आहे, आणि ती मीच मागे पाडली.

बोर्ड रस्त्यावरूनच मोजला, प्रिझम न लावता लेझरने. वीस फूट बाय दहा फूट. लोखंडी अँगलचा सांगाडा, खाली पत्र्याच्या पट्ट्या आणि त्या गच्चीच्या कठड्याला बोल्टने आवळलेल्या. कठडा साडेचार इंची विटांचा! शेजारच्या गच्चीवर जाऊन पाहिलं तेव्हा एका बोल्टभोवती गिलावा फुटलेला दिसला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही, पण गुणाकार येतो. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन. बोर्ड साडेअठरा चौरस मीटरचा. म्हणजे ढोबळमानाने सव्वादोन टनांचा रेटा, तोही पुढचे सगळे गुणक सोडून, विटांच्या कठड्यावर, आणि खाली रांगेत उभे असलेले उपाशी लोक. १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडानगरचं होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. ते १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगी मिळते ४० बाय ४० ला. तेव्हापासून सगळ्यांना मोठ्या होर्डिंगची भीती वाटते. गच्चीवरचे बोर्ड कुणी मोजतच नाही.

हे सगळं मी टिप्पणीत लिहिलं होतं. पहिल्या पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात. दुसऱ्या पत्रकावर टिप्पणीचा रकाना नव्हता. आखणी करताना मीच तो काढून टाकला, कारण त्यातच भिंतींचाही उल्लेख होता. बोर्डापुरत्या दोन ओळी वेगळ्या करायला पाच मिनिटं लागली असती.

समितीतल्या एका तरुणाने शेवटच्या क्षणी आणखी एक मुद्दा घुसवला: बोर्डावर इंग्रजी अक्षरं मोठी, मराठी लहान. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मी अक्षरंही मोजून दिली: इंग्रजी ६२ सेंटिमीटर, मराठी २१. असलं मोजमाप आयुष्यात पहिल्यांदा केलं.

काही महिन्यांनी उत्तर आलं, काकूंनी फोनवर वाचून दाखवलं. रस्ता आराखड्यानुसार १५ मीटर, सबब हरकत ग्राह्य नाही. वापराबाबत तपासणी सुरू आहे. मराठी फलकाबाबत आस्थापनेला नोटीस दिली आहे. कागदपत्रांवर झोपण्याची एक सरकारी पद्धत असते. पण अक्षरांची उंची मोजलेली असली की तेवढं कलम झटकन उठतं, हे मी आता शिकलो.

लॅबवाल्याने आठ दिवसांत पूर्तता केली. इंग्रजी अक्षरं लहान करायला त्याचा जीव झाला नाही. त्याने वर चार फुटांची नवी पट्टी चढवली आणि तीवर मराठीत नाव, चांगलं ठसठशीत. बोर्ड आता वीस बाय चौदा. मी दुसऱ्या कामावरून येताना थांबलो, लेझर मारून खात्री केली. सव्वीस चौरस मीटर, म्हणजे तीन टन. खालचे बोल्ट तेच.

अध्यक्षकाकांना फोन केला. "तेवढं एक तरी झालं ना," ते म्हणाले, खूश होते. मी बोल्टचं सांगितलं. "मग ते तुम्ही नकाशात का नाही दाखवलं?"

लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने आधी विचारलं, फास्टिंग आहे का. मालक सभ्य माणूस, बसवून घेतलं. बोर्डवाल्याने दोन वर्षांची गॅरंटी दिली आहे म्हणाला, बिल दाखवलं. बिलावर गॅरंटी होती, एलईडीची.

पहिल्या पत्रकाची प्रत अजून माझ्या टेबलावर आहे. ती मी माझ्या नावाने पाठवली तर बोर्डाबरोबर लाल रेघाही जातील, तुळशीसकट. टिप्पणी वेगळ्या कागदावर उतरवून काढली आहे, तारीख घालायची राहिली आहे. मे संपत आला.