तुम्ही विचारलंत म्हणून: पालिकेत असून पालिकेची का नाही?

"नगरपालिकेत आहेस ना, मग परमनंट का होत नाहीस? साहेबांना भेट की एकदा!" लग्नाच्या पंगतीत हेच, दाखल्याच्या खिडकीवर रांगेतूनही हेच. भेटले हो. ते साहेबांच्याही हातात नाही. मी पालिकेत दाखले काढते, पण ठेकेदारामार्फत.

महाराष्ट्रात पालिकांना आस्थापना खर्च, म्हणजे पगारपाण्याचा खर्च, ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. तो वर गेला की भरती अडते. माणसं रिटायर होतात, दाखले मात्र रोज निघावेच लागतात. मग टेंडर निघतं आणि सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. कमी दर येतो कुठून? आमच्याकडे पीएफचा मालकाचा हिस्साही आमच्याच पगारातून कापला जायचा.

मागे ठेका बदलला तेव्हा नव्या एजन्सीचा माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला. वरचा कागद जुन्या ठेकेदाराकडचा राजीनामा, तारखेची जागा कोरी. खालचा नवीन नेमणुकीचा. खुर्ची तीच, लॉगिनही तेच (तेसुद्धा एका कायम क्लार्कच्या नावाचं), मी मात्र आजपासून नवीन! जुन्याकडे पगार थकलेला. तो म्हणे, पालिकेनं बिल काढलं नाही. लेखा विभाग म्हणे, ठेकेदाराला विचारा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं, म्हणजे इथं पालिकेनं, द्यायचा, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. कलम 21 ची प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

बाहेर एक बाई ताटकळली होती, बाळाच्या नावात वेलांटी चुकलेली. ती दुरुस्त करून दिली. मग राजीनाम्यावर सही केली. न करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं.

"मग सोडत का नाहीस?" खरं सांगू? ते काम मला आवडतं. 'पालिकेत आहे' म्हणताना अजून बरंही वाटतं.

2023 मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे ठेकेदार एजन्सीमार्फत, भरतीचा सरकारी जीआर रद्द झाला, तेव्हा कितीजणांनी माझं अभिनंदन केलं! जीआर गेला, आमचं टेंडर जागेवरच.

कॉलेजात असताना मीच तावातावानं म्हणायचे, सगळी घरपट्टी पगारात गेली तर गटारं कशातून बांधायची? तो मुद्दा आजही खोडता येत नाही. पण ठेकेदाराचं बिलही त्याच घरपट्टीतून जातं ना? ते पगाराच्या मोजणीत का नाही, ते विचारा कुणालातरी. मला नको. आणि हो, स्पर्धा परीक्षा देतेय. निकालाचंही विचारू नका.