जामीन मंजूर, तरी माणूस आतच: कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा आमचा अनुभव

कच्च्या कैद्याला, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा असलेल्या कैद्याला, जामीन मंजूर झाला की घरच्यांना वाटतं, आता संध्याकाळपर्यंत माणूस घरी. महाराष्ट्रातल्या कारागृहांत विधी सहाय्याचं काम करताना आम्हाला मात्र खरी अडचण तिथूनच पुढे दिसते. आदेशातली ओळ ठरलेली असते: पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे कैद्याचं स्वतःचं हमीपत्र; तो सहीवर होतो. जामीनदाराला मात्र सातबारा किंवा पगारपत्रक, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो, काही न्यायालयांत ऐपतीचा दाखला आणि वर पोलीस पडताळणी लागते. बाहेरून मजुरीला आलेल्या माणसासाठी एवढं सगळं घेऊन कोण उभं राहणार?

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी यावर मुदती घालून दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ईमेलने जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामिनाचं हमीपत्र (बंधपत्र) भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्टही नको, असं त्यात आहे. पण मुदत आपोआप पाळली जाईल या भरवशावर राहू नये. आठव्या दिवशी सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

अट बदलून मागताना अर्ज ज्या न्यायालयाने जामीन दिला तिथेच करावा. सत्र न्यायालयाची अट दंडाधिकारी बदलू शकत नाहीत; उलट दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम कमी करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 484 खाली सत्र न्यायालयाला आहे. आदेशाची तारीख, कैदी अजून आत असल्याचं कारागृहाचं पत्र, त्याची कमाई आणि घरची माणसं एवढं अर्जात हवंच. मागणी उतरत्या क्रमाने मांडावी: फक्त जातमुचलका, नाहीतर रोख रक्कम, नाहीतर कमी रक्कम आणि परजिल्ह्यातला जामीनदार. मोतीराम खटल्यात 1978 साली गवंडीकाम करणाऱ्या आरोपीच्या भावाला, मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. हा दाखला आजही कामाला येतो.

तात्पुरता रोख जामीन मिळाला तर हायसं वाटतं, पण त्यात जामीनदार आणायची मुदत असते. ती संपायच्या आधी वाढवून घेतली नाही तर पुन्हा आत जायची पाळी येऊ शकते.

गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कच्च्या कैद्यासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्या, शिक्षा झालेल्या कैद्यासाठी 25,000 पर्यंत मदत ठरवली होती. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि यूएपीए (बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा) यांचे आरोपी त्यात बसत नाहीत. इथे हमखास चूक होते. योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. आदेशात ‘जामीनदार’ असेल तर जिल्हा समितीने मंजुरी देऊनही उपयोग शून्य. आधी अट ‘रोख’ करून घ्या, मग प्रस्ताव पाठवा. योजनेतच ही दुरुस्ती व्हायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जामीनच मिळाला नसेल तर त्याच संहितेचं कलम 479 बघावं. कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ आत गेला की जामिनावर सुटण्याचा हक्क येतो. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे अशा माणसाचं एक वर्ष. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. अशा सुटकेला पात्र कैद्यांची यादी करताना कारकून जुना गुन्हा ‘दाखल’ दिसला की नाव गाळतात. कायदा विचारतो ते शिक्षा झाली का. निर्दोष सुटल्याचा निकाल सोबत जोडावा. दुसरा खटला अजून चालू असेल तर मात्र या कलमाखाली सुटका मिळत नाही.

शेवटचा अडथळा कारागृहाच्या दारात. सुटकेच्या आदेशातलं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि कलमं नोंदवहीशी जुळली नाहीत तर कागद परत येतो. ‘शेख’चं ‘शैख’ झालं तरी पुरतं. दुसऱ्या गुन्ह्यात हजर करण्याचं वॉरंट आलेलं नाही ना, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावं, आणि आदेश न्यायालयातून दुपारपर्यंत निघेल असं पाहावं. संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद केलं की सुटका उद्यावर जाते.