पाणी गार लागतं का?

ऑक्टोबरअखेर मी सलग अकरा रात्री खुर्चीत झोपलो. आडवं झालं की कंबर आणि मांड्या ठणकायच्या. उठून फेऱ्या मारल्या की जरा बरं. इथे इंग्लंडमध्ये जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, फोनवरच पॅरासिटामॉल सांगितली आणि फिजिओच्या यादीत नाव घातलं. सात आठवड्यांची यादी! पुण्यात सकाळी कंबर धरली असती तर संध्याकाळी एमआरआयची पिशवी हातात असती. आणि इथे सगळं फुकट, असं समजणाऱ्या काका-मामांसाठी : व्हिसा काढतानाच प्रौढ माणशी वर्षाला १०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ मोजावा लागतो, कर वेगळा. त्यामुळे चिडायचा हक्क मी विकत घेतलेला आहे.

अखेर फिजिओचा फोन आला. मुलगी आवाजावरून पंचविशीतली. लघवी अडते का, पाय लटपटतात का, आणि मग त्याच सुरात, "पुसताना कागदाचा स्पर्श नेहमीसारखा जाणवतो का?"

मी ऑफिसच्या जिन्यात. कान तापले. म्हटलं, आम्ही कागद वापरत नाही, पाणी वापरतो. आता ही गडबडेल असं वाटलं होतं. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "बरं, मग पाणी दोन्ही बाजूंना सारखंच गार लागतं का?"

मी गप्पच झालो. डिसेंबरातलं नळाचं पाणी, आणि डाव्या बाजूला आठवडाभर ते गार लागलेलंच नव्हतं. लक्षातच आलं नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला जा. गाडी स्वतः चालवू नका."

कमरेतल्या नसा दबल्याचा असा संशय आला की इथे एमआरआय चार तासांत व्हावा, असा २०२३पासून राष्ट्रीय दंडक आहे. माझा तीन तासांत झाला. (आधीचे सात आठवडे त्यात धरत नाहीत.)

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो; त्याखाली नुसत्या नसांचा झुपका. त्याला लॅटिनमध्ये घोड्याची शेपटी म्हणतात, आणि तिथल्या नसा दबल्या की बधिर होतो तो खोगिरावर टेकणारा भाग! माझ्या शेपटीतल्या एका नसेला कॅव्हर्नोमा चिकटला होता : पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा गुच्छ. तो थोडा थोडा पाझरतो. एमआरआयमध्ये भोवती जुन्या रक्ताचं काळं कडं दिसतं. मेंदूत तो सापडतो, इथे फारच क्वचित. सर्जनबाईंनी आधी एकच पाहिला होता. "मलबेरीसारखा दिसतो," म्हणाल्या. मला महाबळेश्वरच्या बाजारातले तुतीचे द्रोण आठवले. ते आता मी खाणार नाही.

आई फोनवर म्हणाली, इकडे ये, आपल्याकडे काय कमी सर्जन आहेत? नाहीतच कमी. पण नऊ तासांचं विमान त्या अवस्थेत कोण करणार, असं मी तिला सांगितलं, आणि ते खरंही होतं. आपल्याकडे कुणी मला तो प्रश्न विचारला असता का, हे मात्र मी तिला विचारलं नाही. विचारला असता, असंच ती म्हणाली असती. कदाचित बरोबरही असेल. पण मी उत्तर दिलं असतं का? फॅमिली डॉक्टर म्हणजे बाबांचे मित्र, शेजारी आई बसलेली. मी "सगळं नॉर्मल" म्हणून मोकळा झालो असतो.

ऑपरेशनमध्ये प्रत्येक नसेला विजेचा हलका झटका देऊन कुठला स्नायू हलतो ते बघत होते. साडेपाच तास लागले. एक नस कापावी लागली. ती तशीही काही काम करत नव्हती म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात पाणी गार लागलं. एकदम अंगावर शहारा आला आणि मी आतूनच बायकोला हाक मारली. ती धावत आली, दाराबाहेरून विचारते, "पडलास का?"

डावीकडे अजून अर्धवटच लागतं.