परळी, सज्जनगड आणि चाळकेवाडीचा सडा

आज पहाटे साडेपाचला साताऱ्यातून सायकल काढली. जाड टायरची, खडीवर चालणारी. पुढच्या चाकात हवा मुद्दाम थोडी कमी ठेवली होती.

परळीत आधी हेमाडपंती महादेवाच्या मंदिरापाशी थांबलो. एका खांबावरून हात फिरवला, दगड बर्फासारखा गार. लोक इथून सरळ गडावर जातात, मंदिराकडे वळतसुद्धा नाहीत, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. वर सज्जनगड. १६७३ मध्ये तो स्वराज्यात आला, समर्थ १६८२ पर्यंत, शेवटपर्यंत तिथेच राहिले. पायथ्यातूनच हात जोडले आणि ठोसेघरचा घाट धरला.

खरी मजा चाळकेवाडीच्या सड्यावर. पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते, तांबडा मुरूम, मध्येच जांभ्याचा उघडा कातळ. मुरमात पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच समजा! वजन मागे घ्यायचं, हात सैल सोडायचे आणि सायकलला तिची वाट शोधू द्यायची. वारा तर असा, की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं.

तिथेच पंक्चर झालं. ट्यूब बदलत बसलो होतो तर म्हशी घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. "आरं पोरा, एकटाच व्हय? पानी हाय का जवळ?" म्हणाल्या आणि माझं चाक फिरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

उतरताना डाव्या हाताला झाडीत मोर ओरडत होता. पुढच्या रविवारी परत जाणार आहे. कुणी येणार असेल तर सांगा, पहाटे साडेपाच, पोवई नाका.